दर अमावास्येला सापडणारा खोटा ‘नवा तारा’: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे एम ३१ चा, तासाभराचा फोटो घेतला, फ्रेम्स स्टॅक केल्या (एकावर एक रचून एकच चित्र केलं), जुन्या फोटोशी आलटूनपालटून ब्लिंक करून पाहिलं, आणि एका भुजेत एक ठिपका लुकलुकला. जुन्यात नाही, नव्यात आहे. छातीत धडधड, हात थरथरत कर्सर त्यावर नेला. अर्ध्या तासाने कळलं की तो हॉट पिक्सेल होता, म्हणजे प्रकाश नसतानाही चमकणारा कॅमेऱ्याचा खराब पिक्सेल. पुढच्या अमावास्येला तोच प्रकार, या वेळी लघुग्रह. त्यापुढच्या खेपेला आणखी काहीतरी. ‘लांडगा आला रे आला’ इतक्या वेळा झालं की माणूस ठिपक्यांकडे बघणंच सोडतो, आणि नेमका तेव्हाच खराखुरा नवतारा (अचानक भडकून पुन्हा मावळणारा तारा) दुसऱ्याच्या नावावर लागतो.

माझं हे तीन हंगाम चाललं. २०० मिलिमीटरची दुर्बीण, १००० मिलिमीटर नाभीय अंतर, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, म्हणजे पिक्सेलमागे साधारण ०.७८ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तेवढ्यात अकरा ‘शोध’ लागले आणि अकराच्या अकरा बाद झाले. शेवटी वही उघडून प्रत्येकापुढे कारण लिहिलं. चार कॅमेऱ्याचे, एक लघुग्रह, आणि उरलेले सहा? सहाही वेळा नवा फोटो निर्दोष होता. खोट होती ती ज्याच्याशी तुलना केली त्या जुन्या फोटोत. ते कळल्यापासून तपासणीचा माझा क्रम बदलला आहे. तोच इथे लिहितो.

आधी कॅमेऱ्याची झाडाझडती

हे दहा मिनिटांचं काम आहे, म्हणून पहिलं. स्टॅक बाजूला ठेवा आणि सुट्या, कच्च्या फ्रेम्स उघडा. ठिपक्यावर जाऊन पिक्सेलचे आकडे वाचा. चित्र बघू नका, आकडे वाचा. माझ्या एका ‘नवताऱ्या’च्या मधल्या पिक्सेलमध्ये ४१,२०० होते आणि चारही शेजारी ९०० च्या घरात. बाजूच्याच एका साध्या ताऱ्यात मधे ९,८०० आणि शेजारी ७,०००, ६,६००, ७,३००, ६,९००. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना पसरतो, त्यामुळे तो एकट्या पिक्सेलवर कधीच बसत नाही. एकच खांब उभा आणि भोवती सपाट मैदान असेल तर तो तारा नव्हे.

रंगीत कॅमेरा असेल तर मात्र हा पुरावा लवकर पुसला जातो. डीबेयर करताना, म्हणजे कच्च्या फ्रेममधून रंगीत चित्र बनवताना, सॉफ्टवेअर एका रंगाचे मधले पिक्सेल शेजाऱ्यांवरून भरून काढतं, त्यामुळे एकटा हॉट पिक्सेल तीन बाय तीनचा छान गोलसर, लालसर किंवा निळसर ‘तारा’ होऊन बसतो. पुढे फ्रेम्स जुळवताना इंटरपोलेशन त्याला आणखी मऊ करतं. स्टॅकमध्ये पोहोचेपर्यंत तो इतका सोज्वळ दिसतो की शपथेवर सांगावं, हा ताराच. म्हणून डीबेयर करण्याआधीची फ्रेम बघायची.

हॉट पिक्सेल स्टॅकमध्ये टिकतो त्याचं मूळ कारण बहुतेक वेळा एकच: डिदरिंग, म्हणजे फ्रेम्सच्या मधे दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं, बंद. ट्रॅकिंग उत्तम असेल तर उलट जास्त नुकसान होतं, कारण खराब पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये आकाशातल्या त्याच जागी बसतो आणि सिग्मा क्लिपिंगला (बाकी फ्रेम्सपेक्षा वेगळे पडणारे आकडे वगळणाऱ्या पद्धतीला) तो वेगळा वाटतच नाही. दर दोन-तीन फ्रेम्सनंतर दुर्बीण दहा-पंधरा पिक्सेल इकडेतिकडे सरकवा, म्हणजे निम्मी पीडा तिथेच संपते. डार्क फ्रेम्स (झाकण लावून घेतलेल्या, कॅमेऱ्याचे दोष वजा करायच्या) त्याच तापमानाच्या आणि तेवढ्याच वेळेच्या हव्यात हे वेगळं सांगायला नको; पण गेल्या वर्षीचे डार्क वापरणारे आपल्यात कमी नाहीत, मीही त्यातलाच.

एक युक्ती मला उशिरा सुचली. दीर्घिका मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडते तेव्हा जर्मन माउंटला (दुर्बिणीच्या एका प्रकारच्या बैठकीला) फ्लिप करावं लागतं आणि चित्र १८० अंशांनी उलटं होतं. आपण त्याला कटकट समजतो. पण निम्म्या फ्रेम्स फ्लिपच्या आधीच्या आणि निम्म्या नंतरच्या घेऊन दोन वेगळे स्टॅक केले, तर सेन्सरचा प्रत्येक दोष दीर्घिकेच्या दुसऱ्या बाजूला उडी मारतो आणि खरा तारा जागचा हलत नाही. भिंगांत किंवा फिल्टरमध्ये उमटणारी तेजस्वी ताऱ्याची परावर्तनंही यात उघडी पडतात. मिराक या तेजस्वी ताऱ्याच्या शेजारची एनजीसी ४०४ ही दीर्घिका अशाच परावर्तनासारखी दिसते म्हणून तिला ‘मिराकचं भूत’ म्हणतात. तिथे भूत खरं आणि आपला संशय खोटा. एम ९५ दीर्घिकेत मार्च २०१२ मध्ये अतिनवतारा (ताऱ्याचा अंत करणारा महास्फोट) दिसला तेव्हा मंगळ त्याच भागात तळपत होता. त्या दिवसांत फोटो घेणाऱ्यांना त्याच्या झगमगाटातून वाट काढावी लागली.

वैश्विक किरणांचा ठसा एकाच फ्रेममध्ये असतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. उपग्रहाची लकाकी मात्र जरा लबाड आहे. भूस्थिर कक्षेच्या आसपासचा गिरक्या घेणारा तुकडा ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद सरकतो. पण त्याचा पृष्ठभाग सेकंदाचा अगदी छोटा अंश चमकला तर रेघ उमटत नाही, टिंब उमटतं. तेही अस्सल ताऱ्यासारखं पसरलेलं, कारण तो प्रकाश त्याच वातावरणातून आलेला असतो. म्हणून एका फ्रेममधल्या ठिपक्यावरून, तो कितीही देखणा असो, स्वर्ग गाठायचा नाही.

हलतोय का?

पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास मिनिटाला साधारण अर्धा आर्कसेकंद चालतो. अर्ध्या तासात पंधरा आर्कसेकंद, म्हणजे माझ्या फोटोत वीसेक पिक्सेल. पहिल्या आणि शेवटच्या दहा फ्रेम्सचे वेगळे स्टॅक करून ब्लिंक केले की काम झालं. तो स्थिर बिंदूजवळ (आकाशात दिशा बदलताना थबकल्यासारखा वाटतो तिथे) असेल तर फार हळू सरकतो, तेव्हा दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबावं लागतं. लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर जागा आणि वेळ भरली की ज्ञात लघुग्रहांची यादी मिळते. वेळ जागतिक प्रमाणवेळेतच भरा. मी एकदा संगणकाची स्थानिक वेळ भरली आणि तिथे काहीच नाही म्हणून खूश झालो.

कुठे किती घाबरायचं हेही ठरलेलं आहे. लघुग्रह बहुतेक क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, आसपास असतात. एम १०१ दीर्घिका क्रांतिवृत्तापासून ६० अंश दूर आहे, एम ३१ सुमारे ३३ अंश. तिथे लघुग्रह क्वचितच येतात. एम ७४ ही दीर्घिका मात्र जेमतेम पाच अंशांवर आहे, आणि माझा तो एकुलता एक लघुग्रह तिथलाच.

खरा रोग: तुलनेचा फोटो

आता त्या सहांकडे येतो. ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये आहे, डिदरिंगबरोबर बरोबर सरकतो, ताऱ्यांइतकाच पसरट आहे, फ्लिपनंतरही जागेवर आहे, हलत नाही. म्हणजे आकाशात तिथे नक्की काहीतरी आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की ते नवं आहे का. हा प्रश्न आपण जुन्या फोटोला विचारतो, आणि जुना फोटो वेगळ्याच भाषेत उत्तर देतो.

पहिला सापळा रंगाचा. एका ऑक्टोबरच्या रात्री एम ३१ च्या नैर्ऋत्य भुजेत मला सुमारे १८.४ प्रतीचा ठिपका मिळाला (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). सगळ्या चाचण्या पास. जुन्या पालोमार सर्वेक्षणाची डिजिटल प्लेट काढली, तिथे रिकामी जागा. अहवालाचा मसुदासुद्धा लिहून झाला. पाठवण्याआधी सहज पॅन-स्टार्स या नव्या आकाश-सर्वेक्षणाचं अवरक्ताजवळचं चित्र उघडलं, आणि तिथे तोच तारा ठळक, निवांत, वर्षानुवर्षं बसल्यासारखा. झालं होतं असं: मी फिल्टरशिवाय फोटो घेतला होता, माझा सेन्सर ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाशही मजेत पकडतो, आणि तुलना केली होती निळ्या प्लेटशी. आपल्याच आकाशगंगेतला एखादा लाल खुजा तारा निळ्यात पाच प्रतींनी मंद असू शकतो. माझ्या फोटोत तो होता आणि प्लेटवर उमटणं त्याला शक्यच नव्हतं. देवयानीतले दीर्घकालीन लाल रूपविकारी तारेही याच वाटेने फसवतात, आणि त्यांचं तेज खरोखर बदलतं, त्यामुळे ते जास्तच धोक्याचे.

यावर उपाय दोन. एकतर यूव्ही-आयआर कट फिल्टर लावा आणि थोडा प्रकाश गेला तर जाऊ द्या. किंवा संशयिताला एकाच रंगात न तपासता निळं, लाल आणि अवरक्ताजवळचं अशी निदान तीन चित्रं काढून बघा. तिन्हींत नसेल तर पुढे जायचं. हायड्रोजन-अल्फा फिल्टर असेल तर त्यातून एक फेरी मारावी. नवतारा साध्या प्रकाशात मावळला तरी त्याचं उडालेलं कवच या रेषेत बराच काळ तेजस्वी राहतं, आणि साधा लाल तारा तिथे उठून दिसत नाही. एकच ध्यानात ठेवा, हायड्रोजनचे तेजोमेघही तिथेच उजळतात.

दुसरा सापळा हवेचा. दीर्घिकेच्या भुजा गुळगुळीत नसतात. त्यांत तारकागुच्छ, तेजोमेघांच्या गाठी, दाटीवाटीने बसलेले निळे तारे असतात. सिइंग, म्हणजे हवेच्या थरथरीने तारा किती पसरतो ते माप, चार आर्कसेकंद असताना अशी गाठ म्हणजे नुसता धुरकट फुगवटा. सिइंग दोनवर आलं की तीच गाठ फुटते आणि तिच्यातला सर्वांत तेजस्वी दाणा वेगळा ‘तारा’ म्हणून समोर येतो. म्हणजे चांगल्या रात्रीच जास्त खोटे तारे! एम ३३ दीर्घिकेतला एनजीसी ६०४ आणि एम १०१ मधला एनजीसी ५४६१ हे भाग तर असल्या फसवणुकीचे अड्डे. आणि मौज अशी की मे २०२३ चा एम १०१ मधला अतिनवतारा एनजीसी ५४६१ च्या अगदी शेजारीच उगवला. म्हणून गाठींजवळचं सगळं सरसकट फेकून देता येत नाही. तीक्ष्ण फोटो मुद्दाम धूसर करून जुन्याच्या पातळीवर आणायचा आणि मग वजा करायचा. वजाबाकीत एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला पांढरी अशी जोडगोळी दिसली तर दोन चित्रं नीट जुळलेली नाहीत. शेजारच्या ताऱ्यांभोवतीही तीच जोडगोळी दिसेल.

तिसरा सापळा आपणच लावतो: सजवलेला फोटो. सहांपैकी दोन माझे यातले आहेत, आणि त्याची मला अजून लाज वाटते. तुलनेला मी माझाच जुना, कौतुकाचा फोटो घेतला होता. त्यात तारे बारीक केले होते, नॉइज पुसला होता, गाभा दाबला होता. बारीक करण्याच्या नादात १८ व्या प्रतीचे कितीतरी तारे साफ गायब झाले होते आणि ते ‘नवे’ होऊन परतले. उलट बाजूही आहे. न्यूरल नेटवर्कवर चालणारी धार लावायची साधनं नॉइजच्या ढेकळातून टोकदार तारा घडवतात. भिंतीवर लावायच्या फोटोला ती खुशाल वापरा. मोजमापाच्या फोटोला कॅलिब्रेशन आणि स्टॅकिंग यापलीकडे हात लावायचा नाही. फिट्स फाइल (खगोलीय फोटोंची फाइल) लिनिअर, म्हणजे मूळ आकडे तसेच, ठेवायची आणि स्ट्रेच, म्हणजे मंद भाग उजळणं, फक्त पडद्यावर करायचा.

म्हणून माझा आताचा नियम: तुलनेचा पहिला फोटो स्वतःचाच, त्याच दुर्बिणीचा, त्याच फिल्टरचा, तेवढ्याच वेळेचा, कच्चा. हंगामाच्या सुरुवातीला दोन चांगल्या रात्री फक्त अशा आधार-फोटोंसाठी खर्च करतो. एक चांगल्या सिइंगचा, एक मध्यम. कंटाळवाणं काम आहे आणि त्यातून दाखवण्यासारखं काही निघत नाही. पण खोटे तारे हंगामाला सरासरी चारेक होते, ते गेल्या हंगामात एकावर आले, ते यामुळेच.

जुन्या प्लेटशी ताडून पाहणं किती मोलाचं असतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण याच दीर्घिकेत आहे. ५ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर एडविन हबलने एम ३१ ची प्लेट घेतली आणि तीन ठिपक्यांपाशी ‘एन’ लिहिलं, नवतारा या अर्थाने. मग आधीच्या वर्षांच्या प्लेट्स काढून बघितल्यावर त्यातला एक कधी उजळ, कधी मंद असा जुन्यांतही सापडला. हबलने तो ‘एन’ खोडला आणि शेजारी ‘व्हीएआर!’ लिहिलं, म्हणजे रूपविकारी, तेज बदलणारा तारा. तो ३१.४ दिवसांचा सेफीड तारा (तेज बदलण्याच्या कालावधीवरून अंतर सांगणारा) निघाला, आणि त्यावरून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं ठरलं. खोटा नवतारा इतका कामाचा पुन्हा कुणाला सापडला नसेल! तो तारा आजही साधारण १९ व्या प्रतीच्या आसपास वरखाली होतो, आणि हौशी दुर्बिणींतून तो टिपलाही जातो. आधार-फोटो किती खोल गेला आहे हे तपासायला मी तोच वापरतो.

तेजाचा हिशेब जुळतो का

इथे साधी वजाबाकी खूप वाचवते. मोजलेल्या प्रतीतून एम ३१ साठी २४.४ आणि एम १०१ साठी २९.१ वजा करा. हे आकडे दीर्घिकेच्या अंतरामुळे येणाऱ्या फरकाचे. येते ती निरपेक्ष प्रत, म्हणजे ताऱ्याचं मूळ तेज. नवतारे शिखरावर साधारण उणे ७ ते उणे ९ च्या दरम्यान असतात. म्हणजे एम ३१ मध्ये ते १५.५ ते १७.५ च्या आसपास दिसायला हवेत. एम १०१ मधला नवतारा मात्र २० च्याही पलीकडे जातो, आपल्या आवाक्याबाहेर. तिथे १६.५ चा ठिपका दिसला तर हिशेब उणे १२.६ येतो, आणि नवताऱ्याच्या मानाने हे भलतंच झालं. मग तो एकतर चढत्या वाटेवरचा अतिनवतारा, किंवा एखाद्या अजस्र निळ्या रूपविकारी ताऱ्याचा उद्रेक, नाहीतर आपल्याच आकाशगंगेतला, मधे कडमडलेला तारा. जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना १९ मे २०२३ रोजी एम १०१ मधला तो अतिनवतारा दिसला तेव्हा तो १४.९ प्रतीचा होता. पुढच्या काही दिवसांत तो ११ व्या प्रतीपेक्षाही थोडा तेजस्वी झाला. एका रात्रीचा आकडा म्हणूनच अर्धवट असतो. दुसऱ्या रात्रीचा आकडा आला की खरी गोष्ट कळते.

त्या निळ्या महाकायांबद्दल थोडं. एनजीसी २४०३ दीर्घिकेतल्या दोन ताऱ्यांना १९५४ आणि २००२ साली अतिनवताऱ्यांची नावं मिळाली आणि पुढे ते ‘तोतये’ ठरले: फुगले, भडकले, पण मेले नाहीत. एनजीसी ७२५९ मधल्या ताऱ्यालाही २००९ मध्ये असंच नाव मिळालं. २०१२ मध्ये त्याने पुन्हा कितीतरी मोठा भडका उडवला. त्यामुळे जागा जुन्या यादीत सापडली म्हणून ठिपका टाकून देऊ नका. एम ३१ मध्ये तर एक नवतारा जवळपास दरवर्षी फुटतो, एम३१एन २००८-१२ए, आणि इतक्या लवकर ओसरतो की दोन-तीन रात्री ढगात गेल्या की संपलं. मात्र निव्वळ जागा जुळणं हाही पुरावा नाही. देवयानीच्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे १२ प्रकाशवर्षं, आणि तेवढ्यात पुष्कळ तारे मावतात.

खरा असूनही निसटतो तेव्हा

हा उलटा दोष, आणि तो जास्त महाग पडतो. एम ३१ मध्ये नवतारे सर्वाधिक फुटतात ते मधल्या फुगवट्याच्या भागात, आणि आपण नेमका तोच भाग ३०० सेकंदांच्या फ्रेम्सने जाळून पांढरा करतो. गाभ्यासाठी ३० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम्स घ्या. मग लिनिअर चित्राची पंचवीसेक पिक्सेलच्या मीडियन फिल्टरने (प्रत्येक पिक्सेलला भोवतालचं मधलं मूल्य देणाऱ्या) धूसर केलेली प्रत काढून मूळ चित्रातून वजा करा. दीर्घिकेचा उतार नाहीसा होतो आणि तारे सपाट पटावरच्या सोंगट्यांसारखे सुटे दिसतात. अगदी केंद्रबिंदूवर खड्डा राहतोच, तो सोडून द्यावा.

एम ८२ चा २०१४ चा अतिनवतारा हे याचं उत्तम उदाहरण. लंडनच्या विद्यापीठ वेधशाळेत स्टीव्ह फॉसी २१ जानेवारीला विद्यार्थ्यांना कॅमेरा कसा वापरायचा ते दाखवत होते, तेव्हा तो लक्षात आला. नंतर शोधलं तर आधीच्या जवळपास आठवडाभराच्या फोटोंत तो बसलेला होता. धुळीने आणि गाठींनी भरलेल्या त्या दीर्घिकेत एक जादा ठिपका डोळ्याला खुपत नाही, हे मला स्वानुभवाने पटतं.

या सगळ्यातून एखादा ठिपका तरलाच तर आधी ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर (नव्या ठिपक्यांची अधिकृत नोंद जिथे होते तिथे) त्या जागेभोवतीच्या नोंदी बघा, झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणाचा त्या भागाचा इतिहास बघा, शक्य असेल तर दुसऱ्या दुर्बिणीवरच्या एखाद्या मित्राला फक्त जागा कळवून ‘तुला काय दिसतं?’ एवढंच विचारा. काय दिसायला हवं ते सांगू नका, नाहीतर त्यालाही तेच दिसेल. मग नोंद करा. आधी ‘एटी’ने सुरू होणारं नाव मिळतं, वर्णपटावरून अतिनवतारा ठरला तर ‘एसएन’ लागतं.

आणि नोंद झाल्यावर डिस्क रिकामी करायच्या मोहात आधीच्या रात्रींच्या ‘वाया गेलेल्या’ फ्रेम्स उडवू नका. अर्जेंटिनातले व्हिक्टर बुसो २० सप्टेंबर २०१६ ला नवा कॅमेरा तपासायला म्हणून एनजीसी ६१३ दीर्घिकेच्या २०-२० सेकंदांच्या फ्रेम्स घेत होते. सुरुवातीच्या फ्रेम्समध्ये काहीच नव्हतं, पुढच्यांत ठिपका उगवला आणि वाढत गेला. स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडतानाचा क्षण त्यांच्याकडे होता, आणि ‘काहीच नसलेल्या’ फ्रेम्स जपल्या होत्या म्हणूनच तो क्षण कधीचा हे सांगता आलं. २०२३ च्या एम १०१ बाबतही शोधाच्या आदल्या रात्रीचे हौशी लोकांचे फोटो मागवून स्फोटाची वेळ काही तासांपर्यंत आणता आली. मी आता रिकाम्या फ्रेम्सच्या फोल्डरला तारीख, जागतिक प्रमाणवेळ आणि त्या रात्री कितव्या प्रतीपर्यंत दिसलं तो आकडा अशी नावं देतो. गेल्या हंगामाचं फोल्डर ३४० गिगाबाइट भरलं आहे, आणि त्यात एकही नवा तारा नाही.